आधी मास्क

तारकर्लीला डायव्हिंगचा पहिला कोर्स करून धाकटी घरी आली आणि म्हणाली, "आई, स्वतःचं सामान घ्यायचंय." मी धसकलेच. सिलिंडरचा खर्च कुठून आणायचा? ती हसली. सिलिंडर, रेग्युलेटर, तरंगण्याचे जाकीट, सारे भाड्याने मिळते. तिला मास्क हवा होता.

पोहण्याचा चष्मा घरात होताच, तो का नको? तिने समजावले. 10 मीटर खाली दाब वरच्या दुप्पट होतो. मास्कमध्ये नाकही आत असते, म्हणून नाकाने हवा सोडून दाब सारखा करता येतो. पोहण्याच्या चष्म्यात ते जमत नाही, डोळ्यांना इजा होते.

मग खरे कारण हळूच बाहेर आले. तिला लांबचा नाही, जवळचा नंबर आहे. भाड्याच्या मास्कची काच साधी. सिलिंडरमध्ये हवा किती उरली ते दाखवणारा काटा तिला धूसर दिसला होता. माझ्या पोटात गोळाच आला.

घरचा पंखा बदलायचा होता, तो राहू दिला. दुकानात तिने पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढला. दोन गळून पडले, तिसरा चिकटून राहिला. त्यात नंबरच्या काचा बसवून घेतल्या. पायांतले फिन्स पुढच्या पगाराला.