एक एकर वेगळे

मोठ्या कंपनीला नव्या, लहान कंपनीच्या चपळाईने वाढता येईल का, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या तासाला निघाला तेव्हा वर्गात बहुतेकांनी बाकाकडे पाहिले. आमच्यापैकी कोणाच्याही घरी कंपनी नाही. कापूस आहे, तूर आहे, एखाद्याचे किराणा दुकान आहे. 'स्टार्टअप' हा शब्द आम्ही मोबाइलवर वाचतो, पण तो पुण्या-बंगळूरच्या मुलांचा असे धरून चालतो. तरीही तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. 'कंपनी' हा शब्द काढून टाकला तर तो मी घरात लहानपणापासून ऐकत आले आहे.

आमचे घर एकत्र. आबा, बाबा, दोन काका धरून अकरा माणसे आणि नऊ एकर वावर. धाकट्या काकांच्या मनात संत्र्याची बाग लावायचे आले. सातपुड्याच्या पायथ्याला आमच्या भागात संत्र्याच्या बागा आहेत, तेव्हा ही काही आकाशातली कल्पना नव्हती. थोरले काका नको म्हणाले. कपाशी पिकते, देणे भागते, चालत्या गाड्याला खीळ कशाला? त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ज्याच्याजवळ काही नाही त्याला हरायची भीती नसते. ज्याच्यावर अकरा तोंडे आहेत त्याने भ्यायलाच हवे. आबांनी दोघांचे ऐकून विहिरीजवळचे एक एकर धाकट्या काकांना वेगळे काढून दिले आणि म्हणाले, "बाकी आठ हायेत ना!"

तिसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली आणि झाडे वाळली. काकांनी ती स्वतःच्या हाताने तोडली. पुढे महिनाभर ते पारावर गेले नाहीत. घरात कोणी काही बोलले नाही, पण न बोलण्याचाही आवाज असतो. मग मृगाच्या आधी, जेवताना, आबांनी विचारले, "यंदा काय लावतं त्या वावरात?" एकर काकांकडेच राहिले. त्यात आज ठिबकवर मिरची आहे.

मला वाटते, सरांच्या प्रश्नाचे उत्तर संत्र्यात नाही आणि मिरचीतही नाही, ते आबांच्या त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

मोठ्या कंपन्यांना नवे सुचत नाही, हे तर खरेच नाही. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीचेच उदाहरण घ्या. डिजिटल कॅमेरा 1975 मध्ये तिच्याच एका अभियंत्याने, स्टीव्हन सॅसनने, तयार केला. पण फिल्म विकून पैसा येत होता, मग फिल्मच नको करणाऱ्या यंत्राला कोण मोठे करणार? 2012 मध्ये कोडॅकवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. बी घरातच होते, त्याला वावर मिळाले नाही.

आपल्याकडे पाहू. आमच्या गोठ्यामागे एक गंजलेले किर्लोस्कर इंजिन पडले आहे. आबांच्या तरुणपणी ते विहिरीवर चालत असे. ग्रंथालयात किर्लोस्करांविषयी वाचेपर्यंत मला वाटे की ही इंजिनाचीच कंपनी. प्रत्यक्षात लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात बेळगावातल्या सायकलींच्या दुकानापासून झाली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून ते भावाच्या जोडीला आले. मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगराला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. (आमच्या आळीत अजूनही कोणत्याही नव्या वस्तूविषयी पहिले वाक्य हेच असते.) पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा 1910 मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर ओसाड जमीन आणि 10 हजार रुपये कर्ज दिले. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. वाचता वाचता मी थांबले. इथेही कोणीतरी एक तुकडा वेगळा काढून दिला होता.

पण नवल पुढेच आहे. नांगर चालला, कारखाना नावारूपाला आला. आता स्वस्थ बसायला हरकत नव्हती. त्याऐवजी याच कारखान्यातून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' नावाचे मासिक निघाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. 1930 मध्ये 'स्त्री' आणि 1934 मध्ये 'मनोहर' निघाले. नांगर ओतणाऱ्या माणसांनी बायकांसाठी मासिक काढावे, हे कोणत्या जमाखर्चात बसते? आमच्या मराठीच्या मॅडम 'स्त्री'चे नाव घेताना अजूनही क्षणभर थांबतात. ओतशाळेच्या धुरात अशी वस्तू जन्मली, हे वाचून मला फार बरे वाटले.

नंतरची कामेही मूळ कारखान्याच्या पोटात कोंबलेली दिसत नाहीत. यंत्रे करणारी यंत्रे हरिहरला, 1941 मध्ये. विजेच्या मोटारी बंगळूरला आणि तेलाची इंजिने पुण्याला, दोन्ही 1946 मध्ये. प्रत्येकाची कंपनी वेगळी, गाव वेगळे आणि जबाबदार माणूसही वेगळा. पुण्याचे काम लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांच्याकडे होते. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला, पण त्याच्याबरोबर पुण्याची इंजिने बंद पडली नाहीत. आठ एकर शाबूत ठेवून एक एकर लावणे म्हणजे दुसरे काय?

इथे एक शंका येते, ती लपवण्यात अर्थ नाही. ही वेगळी वावरे मिळाली ती घरच्याच मुला-पुतण्यांना. मुलगा फसला तरी मुलगाच राहतो. आजच्या मोठ्या कंपनीत 'नवे काही करा' अशा पाट्या भिंतीवर लावतात म्हणे. पण ते नवे करणारा असतो पगारी माणूस. त्याचा प्रयोग फसला तर त्याला जेवताना कोण विचारणार की यंदा काय लावतोस? त्याला दुसऱ्या दिवशी आपली जुनी खुर्ची तरी मिळेल का? ज्या कंपनीत ती मिळत नाही तिथे शहाणी माणसे कपाशीच लावत राहणार, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा?

एकर वेगळे काढले म्हणजे सगळे निभावले, असेही नाही. 'जळगाव' म्हटले की लोकांना जे आठवते, ज्याच्यामुळे आम्हाला आमच्या गावापुढे 'जामोद' जोडावे लागते, त्या खानदेशातल्या जळगावची जैन कंपनी पाहा. भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये 7 हजार रुपयांवर रॉकेलचा व्यापार सुरू केला. 1978 मध्ये केळ्याच्या भुकटीचा कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढले. मग पाइप, मग ठिबक, मग ऊतिसंवर्धित केळीची रोपे. एका कामातून दुसरे काम फुटत गेले, आणि प्रत्येक वेळी शेतकऱ्याच्या अडचणीजवळच राहिले. पण पुढे विस्तारासाठी काढलेले कर्ज जड झाले. 2019 मध्ये हप्ते थकले, 2022 मध्ये कर्जाची फेरमांडणी झाली आणि 2023 मध्ये परदेशातला सिंचनाचा व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन करावा लागला. इतक्या मोठ्या व्यवहाराविषयी मी काय बोलावे? पण आबांना सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "उसनं घेऊन किती एकर लावले?"

हे सगळे मी परक्याच्या गोष्टीसारखे लिहीत आहे, पण तसे नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. माझे दोन्ही चुलतभाऊ दहावीनंतर वावरात गेले. बारावीनंतर माझ्यासाठी स्थळे येत होती. तेव्हा आबांनी मलाच त्या एकरासारखे वेगळे काढले. एसटीचा पास, पुस्तके, परीक्षेची फी हे सगळे आठ एकरांतून येते. ज्यांच्या वाट्याचे ते येते त्या दोघा भावांनी मला कधी एक शब्द ऐकवलेला नाही. आणि म्हणूनच परीक्षेच्या आदल्या रात्री मला झोप येत नाही. लावलेल्या झाडाला काय वाटते, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात नसते. मी वाळले तर घर मला टाकून देणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यामागे ते वावर पुन्हा कोणाला मिळेल का?

कारण माझ्यामागे माझी बहीण आहे. यंदा दहावीला. तिला विज्ञान शाखेत जायचे आहे आणि ती माझ्याहून हुशार आहे. थोरले काका म्हणतात, "आधी मोठीचं काय होते ते पाहू." परवा आबांनी मला सायन्सची फी विचारली. मी चौकशी करून आकडा सांगितला. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग बाबांना म्हणाले, "खोलीतला कापूस आता इकू नको. जूनपर्यंत राहू दे."