धरणे आणि सोडणे

निफाड तालुक्यातील लासलगाव हे आशिया खंडातील कांद्याची सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. येथील बाजार समितीची स्थापना १९४७ साली झाली. आमचे अण्णा याच बाजारात कांदा नेत आणि आदल्या रात्री ओसरीवर बसून बोटांवर हिशेब करीत. संगणक शिकणाऱ्या मुलाच्या बापाने बोटे मोजावीत, याची मला लाज वाटे.

म्हणून महाविद्यालयाच्या एका सुट्टीत मी त्यांच्यासाठी एक आज्ञावली लिहिली. पडद्यावर एक चित्रफलक, त्यावर भाव ठरविण्याची सरकपट्टी आणि खाली ‘हिशेब’ असे लिहिलेले बटण. घुंडी सरकवून बटण दाबले, की २५ क्विंटल कांद्याची रक्कम दिसावी, एवढीच योजना होती.

काम वाटले तितके सोपे नव्हते. फलकावर काढलेले बटण म्हणजे केवळ रंगीत ठिपक्यांचा चौकोन. रांगोळीतल्या मोराला आपण मोर आहोत हे ठाऊक नसते. तसेच या बटणाचे असते. त्याच्या चारही कडा कोठे आहेत, याची नोंद आज्ञावलीनेच ठेवावी लागते. माऊस दाबला, की बाण त्या कडांच्या आत आहे काय, हे पाहावयाचे. असेल तरच बटण दाबले असे समजावयाचे. माझी सरकपट्टी २०० ठिपके लांब होती आणि तिच्यावर शून्यापासून ४,००० रुपयांपर्यंतचे भाव होते. म्हणजे घुंडी एक ठिपका सरकली, की भाव २० रुपयांनी वाढे. प्रत्येक वेळी सारे चित्र पुसून पुन्हा काढावे लागे; पण ते इतक्या त्वरेने होई, की घुंडीच सरकली असे वाटे.

दुसऱ्या दिवशी कांदा बाजारात न्यावयाचा होता. भाव क्विंटलला १,२०० रुपयांच्या आसपास होता. खताचे देणे २०,००० रुपये आणि धाकट्या बहिणीच्या वसतिगृहाचे शुल्क १५,००० रुपये. दोन्ही भागतील काय, ही अण्णांना चिंता होती.

त्यांनी घुंडी १,२०० वर आणली. हात थोडा पुढे गेला आणि बाण फलकाबाहेर असताना त्यांनी माऊस सोडला. मग त्यांनी बटण दाबले. आकडा आला ४१,५०० रुपये! बहीण आनंदाने टाळ्या वाजवू लागली.

अण्णा मात्र हसले नाहीत. “बाराशेने शंभर क्विंटलचे एक लाख वीस हजार, त्याचा चौथा हिस्सा तीस हजार. हे जास्तीचे कोठून आले?” बहिणीचे हात तसेच थांबले.

मी पाहिले, तो भाव १,६६० वर गेला होता. बाण फलकावर परत येताच घुंडी त्याच्यामागून धावली होती. माऊस सुटल्याची वार्ता मी केवळ फलकावरच ऐकत होतो. बाहेर सुटलेला माऊस आज्ञावलीला कळलाच नव्हता. तिच्या लेखी घुंडी अजून अण्णांच्या हातातच होती.

हे ऐकून अण्णा म्हणाले, “लिलावात बोली संपली, की भाव चिठ्ठीवर लिहितात. मग कोणी कितीही ओरडो, तो बदलत नाही. तुझ्या घुंडीला बोली संपल्याचे कोणी सांगितलेच नाही!”

त्याच रात्री मी चूक सुधारली. माऊस पडद्यावर कोठेही सुटला, तरी घुंडी तेथेच थांबेल, असे केले.

पुढे संगणकाचा इतिहास वाचताना आयव्हन सदरलंड यांचे नाव भेटले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे त्यांनी १९६३ साली ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली प्रबंधरूपाने मांडली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढता येत. आणि रेषा संपली हे कळविण्यासाठी लेखणीला एकदम झटका द्यावा लागे. ते वाचताना मला अण्णांची चिठ्ठी आठवली.

त्या कांद्याचे ३०,००० रुपयेच आले. अण्णांनी आधी बहिणीचे शुल्क भरले. खताचे ५,००० रुपये पुढच्या कांद्यावर राहिले.

‘धर’ ही आज्ञा कोणालाही सुचते. ‘सोड’ ही लिहावयाची राहून जाते. आता मी सरकपट्टी करावयास बसलो, की सोडण्याची आज्ञा प्रथम लिहितो. आणि आलेले उत्तर एकदा बोटांवर मोजून पाहतो. त्याची आता मला लाज वाटत नाही.