कोठीघरातलं विशेषण

वनस्पतींचे नमुने सुकवायच्या दाबणीत आल्याचा गड्डा नीट बसत नाही. तो उभा चिरावा लागतो, तरी वर्तमानपत्रावर पिवळट डाग पडतोच. माझ्या पहिल्या नमुन्याच्या लेबलावर मी लिहिलं होतं, ‘झिंजिबर ऑफिसिनॅलिस’. आमच्या बाईंनी शेवटची अक्षरं पेन्सिलीने खोडून ‘ऑफिसिनेल’ केलं आणि पुढच्या शीटकडे वळल्या.

कारण मला पुढे कळलं. लॅटिन विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, आपल्या ‘चांगला-चांगली-चांगलं’सारखं. फक्त इथे पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूप एकच, नपुंसकलिंगी तेवढं वेगळं. झिंजिबर नपुंसकलिंगी. आलंही आपल्याकडे ‘ते’च! तेव्हापासून हे नाव लिहिताना माझा हात अडखळला नाही.

विद्यार्थी ‘ऑफिसिनॅलिस’चा अर्थ हमखास ‘ऑफिशियल’ लावतात. मूळ शब्द ‘ऑफिसिना’. रोमन लोकांसाठी ती कारागिराची कर्मशाळा होती. मध्ययुगात मठांमधल्या औषधी ठेवायच्या कोठीघराला हे नाव मिळालं, पुढे औषधाच्या दुकानाला. ऑफिसिनॅलिस म्हणजे त्या कोठीतलं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली सेज, रोझमेरी, शतावरीच्या प्रजातीतलं अ‍ॅस्परॅगस अशा कितीतरी वनस्पतींना हे विशेषण दिलं. आपल्या शतावरीच्या वाट्याला मात्र ‘रेसिमोसस’ आलं, म्हणजे फुलांचे घोस असलेली. तिच्यात गुण कमी म्हणून नव्हे. हे विशेषण औषधाची ताकद सांगत नाही, ते युरोपातल्या कोणत्या फळीवर ठेवलेलं होतं एवढंच सांगतं. वर्गात मी यावर सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण ‘ऑफिसिनॅलिस आहे म्हणजे गुणकारी’ असं समजून पोरं थेट काढा उकळायला निघतात.

आलं त्या फळीवर पोचलं ते व्यापाराच्या वाटेने, आणि जाताना स्वतःचं नावही घेऊन गेलं. ‘झिंजिबर’चा माग काढत गेलं की आपलं ‘शृंगवेर’ सापडतं.

उसाचं ‘ऑफिसिनॅरम’ हे विशेषणच नव्हे, ती षष्ठी आहे: ‘औषधशाळांचा’. म्हणून ते लिंगाप्रमाणे बदलत नाही. साखर एके काळी औषधवाल्याकडे मिळायची, याची खूण त्या नावात राहिली आहे.

रोझमेरीचं ‘ऑफिसिनॅलिस’ अलीकडे गेलं. तिला सेजच्या ‘साल्व्हिया’ प्रजातीत घेतलं, आणि तिथे ‘ऑफिसिनॅलिस’ आधीच सेजकडे होतं. एका प्रजातीत एकाच नावाच्या दोघी चालत नाहीत. आवळ्याचंही गेलं. ‘एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस’ आता ‘फायलँथस एम्ब्लिका’ आहे, म्हणजे लिनियसचंच जुनं नाव परत आलं. मला त्याची हळहळ वाटते, पण आधीच्या नावाला मान देणारा नियम बरोबर आहे.

जुनं लेबल आम्ही कधी काढत नाही. गेल्या महिन्यात आवळ्याच्या शीटवर त्याच्या शेजारी नवी चिठ्ठी चिकटवली, तारीख घातली, सही केली. वाळलेली बारीक पानं अजून काडीला धरून होती.