अनुमान आणि अंदाज

महसूल खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ‘रकाना’ हा शब्द परका नसतो. खसरा, खतौनी आणि वसुलीची पत्रके हीच आमची पोथी. त्यामुळे संगणकशास्त्र शिकणाऱ्या नातीने ‘टाइप इन्फरन्स’ हा विषय समजावून सांगितला, तेव्हा तो मला फारसा अनोळखी वाटला नाही. आपण त्याला ‘प्रकाराचे अनुमान’ म्हणू.

एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या विचारानुसार डेटाबेस म्हणजे तक्त्यांचा समूह. तक्त्यातील प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरलेला असतो : संख्या, मजकूर, तारीख. एसक्यूएलसारख्या भाषेत आपण या तक्त्यांना प्रश्न विचारतो. उत्तरातील रकाने कोणत्या प्रकारचे असतील हे विचारणारा सांगत नाही. प्रश्नाच्या रचनेवरूनच ते ठरते. रॉबिन मिल्नर यांनी 1978 मध्ये आज्ञावलींसाठी अशा अनुमानाची रीत घालून दिली. पुढे यान व्हान डेन बुसे आणि एमान्युएल वालर यांनी कॉड यांच्या बीजगणितासाठी याहून कठीण प्रश्न घेतला : तक्ते समोर नसताना केवळ प्रश्नावरून काय सांगता येईल?

बरेच सांगता येते. समजा, कोणी म्हणाले, ‘हे दोन तक्ते सांधा आणि क्षेत्रफळ 5 पेक्षा कमी असलेल्या नोंदी काढा.’ तक्ते न पाहताही आपण म्हणू शकतो की, दोहोंपैकी निदान एकात क्षेत्रफळाचा रकाना असलाच पाहिजे आणि त्यात लहानमोठेपणा ठरवता येईल असे काही असले पाहिजे. दोन याद्या एकत्र करायच्या असतील, तर दोन्हींचे रकाने सारखेच हवेत. आपल्या नैयायिकांनी धुरावरून अग्नी ओळखण्याला अनुमान म्हटले आणि त्याचा आधार व्याप्ती, म्हणजे अटळ साहचर्य, असल्याचे सांगितले. येथेही तेच आहे. रूपावरून तर्क बांधणे हा मात्र नुसता अंदाज.

या दोहोंतील अंतर किती महाग पडते, हे मी नोकरीत पाहिले. एका तहसिलीत अतिवृष्टीच्या मदतीची यादी संगणकावरील कोष्टकात उतरवली गेली. खसरा क्रमांक 12/1 म्हणजे बारा क्रमांकाच्या जमिनीचा पहिला पोटहिस्सा. कोष्टकाने त्याचे रूप पाहिले आणि परस्पर 12 जानेवारी करून टाकले. 145/2 मात्र जसाच्या तसा राहिला, कारण एकशे पंचेचाळीस तारीख कोणत्याही महिन्यात येत नाही. पुढे ही यादी मूळ अभिलेखाशी ताडून पाहिली, तेव्हा तारीख झालेल्या क्रमांकांचे जोड सापडेनात आणि ज्यांचे पीक खरोखरच वाहून गेले होते, असे काही शेतकरी यादीतून गळाले. एका जुन्या पटवाऱ्याने हाताने लिहिलेली वही उघडली, तेव्हा उलगडा झाला. तोवर एका विधवेने तीन वेळा कचेरीचे हेलपाटे घातले होते.

पोस्टग्रेसारख्या काटेकोर प्रणालीत तारखेचा रकाना मजकुराच्या रकान्याशी ताडण्याचा प्रश्न चालण्यापूर्वीच नाकारला जातो. एकही नोंद वाचलेली नसते आणि चूक उघडी पडते. मला या शास्त्राचे मोल येथे दिसते : नोंद गळाल्यावर तिचा शोध घेण्यापेक्षा ती गळेल असा प्रश्नच अडवणे बरे.

तरीही अनुमान व्याप्तीच्या पलीकडे जात नाही. खसरा क्रमांकही मजकूर आणि दूरध्वनी क्रमांकही मजकूर. त्यांना एकमेकांशी ताडण्याचा प्रश्न यंत्र निमूटपणे चालवील. प्रकार जुळतील, अर्थ जुळणार नाही. रकान्याच्या माथ्यावर काय लिहिले आहे आणि त्याखाली कोणाची जमीन आहे, हे जाणणारा पटवारी त्यानंतरही लागतोच.