तेलीबांध्याहून चिलिकाला, डॉल्फिनच्या घरी

रायपूरच्या तेलीबांधा तलावाला इथले लोक कौतुकानं 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. संध्याकाळी काठावरून फिरणारी, आइस्क्रीम खाणारी, फोटो काढणारी गर्दी पाहिली की नाव शोभतंही. पण खरा समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे आमच्याकडच्या मुलांची समुद्राशी पहिली ओळख होते ती मोबाइलवर. आणि मोबाइलवर समुद्र आला की डॉल्फिन येतोच. निळ्याशार तलावात उडी मारणारा, मुलांच्या गालाला तोंड लावणारा, पाठीवर हात ठेवू देणारा.

तुमच्या घरीही हा हट्ट झाला असेल. आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला तर बाबांनी शब्दच दिला होता, "पोहायला शिकलीस की डॉल्फिनबरोबर पोहायला नेईन." ती वर्षभर पहाटे उठून तलावावर गेली आणि शिकली. त्याच सुमारास तिच्या वर्गातली एक मैत्रीण सिंगापूरला जाऊन आली. मग काय, रोज जेवताना एकच विषय.

तुम्हीही अशा सहलीचा विचार करत असाल, तर आम्ही काय वाचलं, काय ठरवलं आणि शेवटी कुठे गेलो, ते सांगते.

बेटावरचे डॉल्फिन येतात कुठून?

आपल्याकडून लोक डॉल्फिनसाठी जातात अशी दोन बेटं प्रसिद्ध आहेत. एक सिंगापूरचं सेंटोसा आणि दुसरं दुबईतलं पाम जुमेरा, माणसानं समुद्रात भराव घालून बनवलेलं. दोन्हीकडे मोठी मत्स्यालयं आहेत आणि डॉल्फिनबरोबर पाण्यात उतरण्याची सोय आहे. प्राण्यांचे डॉक्टर असतात, प्रशिक्षक असतात, स्वच्छता असते.

पण हे डॉल्फिन मुळात आले कुठून, हे आम्ही लेकीला शेजारी बसवून वाचलं. दोन्ही ठिकाणचे डॉल्फिन प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांजवळ पकडलेले. 2007 मध्ये तिथून 28 डॉल्फिन विमानानं दुबईला नेले गेले. म्हणजे मोकळ्या समुद्रात आपल्या कळपाबरोबर फिरणारे प्राणी जाळ्यात धरायचे आणि हजारो किलोमीटर दूर नेऊन बांधलेल्या पाण्यात सोडायचे.

डॉल्फिन मासा नाही, हे तुम्हाला ठाऊकच असेल. तो आपल्यासारखा सस्तन प्राणी आहे. पिल्लाला दूध पाजतो आणि श्वास घ्यायला पाण्यावर येतो. तो आवाज काढतो आणि त्याचा परत येणारा प्रतिध्वनी ऐकून समोर काय आहे ते ओळखतो. आणि त्याचं ते 'हसू' म्हणजे जबड्याची ठेवण आहे. आजारी असला, घाबरला असला, तरी चेहरा तसाच दिसतो.

लेक म्हणाली, "पण मी त्याला काही करणार नाही ना. नुसती पोहणार." मोठ्यांपैकी कुणाकडेच त्यावर चटकन उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं आजी म्हणाल्या, "तू काही करणार नाहीस गं. पण तुझ्यासारखी रोज किती येत असतील?" लेक रुसून झोपायला गेली. दिलेला शब्द बदलायचा तर दुसरं काहीतरी खरंखुरं तिच्यापुढे ठेवायला हवं होतं.

भारतात असं ठिकाण का नाही?

पूर्वी प्रयत्न झाले आहेत. 1998 मध्ये चेन्नईजवळच्या एका मनोरंजन उद्यानात बल्गेरियाहून डॉल्फिन आणले होते. काही महिन्यांतच ते दगावले. आपल्या सिंधुदुर्गात मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणी इथे 'सी वर्ल्ड' उभारायचा बेत महाराष्ट्रात कित्येक वर्षं गाजला. गावकऱ्यांनी जमिनीसाठी विरोध केला आणि तो प्रकल्प रखडला.

मग मे 2013 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं परिपत्रक काढलं, की कोणत्याही राज्यानं डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या केंद्रांना परवानगी देऊ नये. डॉल्फिन इतके बुद्धिमान आणि संवेदनशील आहेत की त्यांच्याकडे 'मानवेतर व्यक्ती' म्हणून पाहायला हवं, असंही त्यात म्हटलं होतं. म्हणून आपल्या देशात डॉल्फिन पाहायचा, तर त्याच्या घरी जावं लागतं.

आणि रायपूरकरांसाठी ते घर एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

रायपूर ते सातपडा

ओडिशातलं चिलिका सरोवर म्हणजे समुद्राला अरुंद मुखानं जोडलेली खाऱ्या आणि गोड्या पाण्याची प्रचंड खाडी. पावसाळ्यात तिचं पाणी सुमारे 1,100 चौरस किलोमीटरवर पसरतं. इथे इरावडी डॉल्फिन राहतात. अलीकडच्या गणनांमध्ये त्यांची संख्या दीडशेच्या आसपास भरली आहे. नाव म्यानमारच्या इरावडी नदीवरून पडलं असलं, तरी विज्ञानाला या जातीची पहिली ओळख झाली ती आपल्याच पूर्व किनाऱ्यावर, विशाखापट्टणमला सापडलेल्या नमुन्यावरून, 1866 मध्ये.

दुर्गहून सुटणारी पुरीची गाडी रायपूरवरून जाते. संध्याकाळच्या सुमारास डब्यात बसायचं, घरून आणलेल्या पोळ्या, बटाट्याची भाजी आणि लोणचं काढायचं आणि झोपून जायचं. दुसऱ्या दिवशी पुरी. जगन्नाथाचं दर्शन आणि खाजा हे दोन्ही झाल्याशिवाय घरातली मोठी माणसं पुढे हलत नाहीत, म्हणून पुरीत एक मुक्काम ठेवा. तिथून सातपडा साधारण 50 किलोमीटर. वाटेत ब्रह्मगिरीला अलारनाथाचं देऊळ लागतं. तिथली खीर आजींना इतकी आवडली की परतताना पुन्हा थांबावं लागलं.

सातपड्याला चिलिका विकास प्राधिकरणाचं माहिती केंद्र आहे. मुलं बरोबर असतील तर बोटीत बसण्याआधी तिथे अर्धा तास द्या. या सरोवराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. गाळ साचून समुद्राचं मुख अरुंद झालं, खारं पाणी आत येईना, पाणवनस्पती माजल्या, मासे घटले. मग 23 सप्टेंबर 2000 रोजी सातपड्याजवळ समुद्राकडे नवं मुख उघडण्यात आलं. पाणी पुन्हा खेळू लागलं, मासळी वाढली. 2002 मध्ये या कामाला रामसर पुरस्कार मिळाला. पुढे कोळंबीसाठी जाळ्यांनी अडवलेलं पाणी मोकळं केल्यावर डॉल्फिनही पूर्वीपेक्षा जास्त भागात फिरताना दिसू लागले.

बोटीत

आता खरी गोष्ट.

इरावडी डॉल्फिन व्हिडिओतल्यासारखा दिसत नाही. त्याला लांब चोच नसते. डोकं गोल, बोथट, रंग पाटीसारखा करडा, पाठीवर लहानसा त्रिकोणी पर. तो लाजाळू आहे आणि क्वचितच उडी मारतो. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर "हे काय, एवढंच?" असं ऐकावं लागेल.

आम्ही निघालो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. इंजिनाच्या आवाजात एकमेकांचं बोलणंही कळत नव्हतं. पुढे एका जागी पाच-सहा बोटी गोळा झालेल्या. आमच्या नावाड्यानं हात दाखवला आणि वेग वाढवला. सगळ्या बोटी एकाच दिशेनं धावल्या, लोक उभे राहून ओरडू लागले, मोबाइल वर झाले. दिसलं काय, तर पाण्यातली एक लाट.

आजींचं डोकं त्या आवाजानं दुखायला लागलं होतं. त्या हिंदीत म्हणाल्या, "भैया, ज़रा बंद कर दो ना इसको." नावाड्यानं आधी आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, की डॉल्फिन दिसला नाही तर लोक भांडतात, पैसे परत मागतात, म्हणून पाठलाग करावा लागतो. आम्ही म्हटलं, "नाही दिसला तरी पैसे पूर्ण देऊ." तो हसला. बोट बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

सगळं शांत झालं. बोटीला पाणी लागल्याचा आवाज, लांबून पक्ष्यांचा कलकलाट. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लेकीचे बाबा घड्याळ पाहू लागले.

आणि आमच्या पाठीमागून आवाज आला, "फुस्स्." माणसानं दम लागल्यावर सोडावा तसा श्वास. वळून पाहिलं तर एक करडी पाठ पाण्यावर गोल फिरून खाली जात होती आणि तिला चिकटून दुसरी, तिच्या निम्म्याहून लहान. पिल्लू. पुन्हा एकदा "फुस्स्", या वेळी थोडं दूर. मग काहीच नाही.

सगळं मिळून दहा सेकंदही नसतील. फोटो एकही नाही. लेक ओरडली नाही, हललीसुद्धा नाही. बऱ्याच वेळानं तिनं हळूच विचारलं, "आई, त्यांनी आपल्याला ऐकलं असेल?" ऐकलं असणारच. ज्याला कानांनीच पाहायचं आहे, त्याच्याभोवती सहा इंजिनं फिरत असताना त्याला काय ऐकू येत असेल, हे नंतर तीच नावाड्याला विचारत होती.

पोहण्याचं म्हणाल, तर तो शब्द बाबांनी पुरीला पाळला. तिथला समुद्र खवळलेला असतो, एकट्यानं आत जाण्याजोगा नाही. पण किनाऱ्यावर वेताच्या टोकदार टोप्या घातलेले नुलिया असतात, समुद्र ओळखणारे. त्यांच्यापैकी एकाचा हात धरून लेकीनं तासभर लाटा अंगावर घेतल्या. "डॉल्फिनच्या समुद्रात पोहले," असं ती आता मैत्रिणींना सांगते. ते खोटंही नाही.

तुम्ही जाल तेव्हा

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. थंडीत नलबण बेटाच्या परिसरात लाखो पाहुणे पक्षी उतरतात. डॉल्फिन मात्र वर्षभर इथेच असतात.

• सकाळी लवकर निघा. वारा कमी असतो, पाणी स्थिर असतं, पाठ वर आली की चटकन दिसते.

• लाइफ जॅकेट सगळ्यांनी घाला, पोहता येणाऱ्यांनीही.

• समुद्रमुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर शिंपले फोडून 'आतून निघालेले' मोती विकणारे भेटतात. मुलांना गंमत पाहू द्या, पाकीट खिशातच ठेवा.

• खाण्याचं काही पाण्यात टाकू नका. प्लास्टिकची पिशवी तर नाहीच.

ओडिशा लांब पडत असेल, तर कोकण आहेच. दापोलीजवळ मुरूड-कर्दे, मालवण-तारकर्ली, खाली गोवा, सगळीकडे सकाळी डॉल्फिन दाखवायला बोटी निघतात. तिथली जात वेगळी, पाठीवर कुबड असलेली. कोकणातले मच्छीमार डॉल्फिनला 'गादा' म्हणतात. बोटींची शर्यत मात्र तिथेही तशीच चालते.

म्हणून कुठेही गेलात तरी बोट ठरवतानाच नावाड्याला सांगा, "आम्हाला घाई नाही. मागे लागू नका, लांब थांबून इंजिन बंद करा. नाही दिसला तरी ठरलेले पैसे देऊ." बोटीवर पोट असलेल्या माणसाला हे आधी कळलं की त्याचीही धावपळ वाचते. त्या दिवशी आमच्या नावाड्यानं परतताना स्वतःहून सांगितलं, की सकाळी पहिल्या फेरीला, बोटी कमी असताना, तो नेहमी असाच थांबतो आणि तेव्हाच डॉल्फिन सगळ्यात जवळ येतात.

नाताळच्या सुट्टीत पुरीच्या गाड्या आणि खोल्या लवकर भरतात. आरक्षण आधीच करून ठेवा आणि घरात दुर्बीण असेल तर आठवणीनं बॅगेत टाका.