टेकल्यानंतरचे काही सेकंद

गेल्या दिवाळीपासून मी छोट्या विमानांच्या अपघातांचे व्हिडिओ बघतोय. नाक वर करून उभी राहणारी, शेपटीखाली चाक असलेली जुन्या घडणीची विमानं. बहुतेक व्हिडिओंत एकच गोष्ट घडते. विमान छान टेकतं, सरळ धावतं. मग नाक जरासं बाजूला सरकतं आणि बघता बघता विमान जागच्या जागी गरकन फिरतं. पंखाचं टोक जमिनीला घासतं, कधी चाकाचा पाय मोडतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

हे बघायला मला आईने लावलं. ताई वैमानिकाचं प्रशिक्षण घेतेय. तिच्या फीसाठी बाबांनी अंबड तालुक्यातल्या जमिनीवर कर्ज काढलंय. लायसन्स मिळालं की एकदा असलं विमान शिकायचंय, असं ती सुट्टीत बोलून गेली. "धोक्याचं आहे का रे ते? नीट बघून सांग," आई म्हणाली.

कारण समजायला काकांची ट्रॉली कामी आली. कापसाने भरलेली दोनचाकी ट्रॉली ट्रॅक्टरने पुढे ओढली की आपोआप सरळ येते. तीच जिनिंगच्या गेटातून रिव्हर्स घ्यायची म्हटलं की घाम फुटतो, कारण जरा वाकडी झाली की ती आणखी वाकडी होत जाते. काका म्हणतात, "वाकडी दिसली तर समज, उशीर झाला."

विमानाचंही तसंच. ताई शिकते त्या सेसनाला नाकाखाली चाक आहे. तिथे विमानाचं वजन मुख्य चाकांच्या पुढे पडतं, म्हणून विमान थोडं तिरकं टेकलं तरी सरळ व्हायला बघतं. शेपटीला चाक असेल तर वजन मुख्य चाकांच्या मागे राहतं. नाक बाजूला गेलं की मागचं वजन पुढे यायला धावतं. त्यात बाजूचा वारा शेपटीला ढकलतो. वेग उतरतो तसा शेपटीवरचा रडर लुळा पडत जातो. म्हणजे विमान हळू झालं, आता सुटलो असं वाटतं, नेमकी तेव्हाच पायांची परीक्षा असते. घाबरून जोरात ब्रेक दाबला तर विमान नाकावर उभं राहू शकतं.

मग अशी विमानं बनवली तरी कशाला? तेव्हा धावपट्ट्या म्हणजे बहुतेक गवताची मैदानं. शेपटी खाली असली की पुढचा पंखा जमिनीपासून उंच राहतो आणि मागचं छोटं चाक हलकं, मजबूत असतं. १९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेही अशाच घडणीच्या पुस मॉथमधून. १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२ हे हिंदुस्तान एअरक्राफ्टचं विमान कोल्हापूर जिल्ह्यातल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली घडलं. त्यालाही शेपटीलाच चाक. हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे त्यावर गिरवले. पुढे त्याच्या जागी आलेल्या एचपीटी-३२ ला मात्र नाकाखाली चाक दिलं.

आईला मी दोन्ही बाजू सांगितल्या. ग्राउंड लूप होतो तेव्हा वेग सहसा कमी असतो, त्यामुळे माणसं बऱ्याचदा चालत बाहेर येतात. विमानाचं मात्र मोठं नुकसान होतं. आणि उतरताना काही बिनसतंय असं वेळेवर कळलं, पुढे धावपट्टी उरली असली, तर इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर जाता येतं. काकाही ट्रॉली फार वाकडी व्हायच्या आत पुढे घेतात आणि नव्याने मागे आणतात. गेटवर चार माणसं हसली तरी घेतात.

आईने अजून हो म्हटलेलं नाही. पण काल तिने ताईला विचारलं, "तुला शिकवणाऱ्याने स्वतः किती वर्षं चालवलंय गं ते विमान?" एवढे व्हिडिओ बघून मला हा प्रश्न सुचला नव्हता.