माझा आकडा

कंपनीच्या सहामाही तपासणीत माझं कोलिनएस्टरेज 5,900 आलं. शेजारी छापलेली मर्यादा 5,300 ते 12,900. कागदावर शिक्का: नॉर्मल. मग मी कशाला बोलतोय? पण दुपारपाळी संपवून कुंभवली नाक्यावर उतरलो की समोरच्या रिक्षाचा नंबर पुसट दिसायचा, तोंडात सारखी लाळ यायची, डोकं धरायचं. बायको म्हणाली, "अहो, पित्त नाही हे. बोईसरला दाखवा."

बोईसरच्या डॉक्टरांनी आधी बॅटरी डोळ्यांवर मारली. बाहुल्या बारीक. मग नाडीच्याही आधी विचारलं, "काय बनवता?"

"कीटकनाशक. पोती फोडून ओततो."

"कामाला लागायच्या आधीचा रक्ताचा रिपोर्ट आहे?"

होता. बायकोच्या पेटीत, रेशनकार्डाखाली. 11,400.

डॉक्टरांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. "हा 5,900 दुसऱ्या कोणाचा असता तर मी सोडून दिला असता. तुमचा निम्म्यावर आलाय." मग समजावलं. नसांतून आलेला निरोप काम झालं की पुसून टाकायचं काम या कोलिनएस्टरेजचं. आमच्या कीटकनाशकातलं ऑर्गॅनोफॉस्फेट त्यालाच धरून ठेवतं. निरोप पुसला जात नाही, म्हणून लाळ, घाम, बारीक बाहुल्या. लिव्हर बिघडलं तरी हा आकडा उतरतो, काहींचा तर जन्मतःच कमी असतो. म्हणून त्यांनी लिव्हरची एसजीपीटी तपासणी लिहून दिली. ती ठीक निघाली. तांबड्या पेशींतलं कोलिनएस्टरेज वेगळं तपासलं, ते खाली होतं.

मी मूळचा यवतमाळचा. 2017 च्या हंगामात तिकडे कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. बाबांनी त्या धास्तीनं पाठीवरचा पंप विकला, आणि मला नोकरीला तारापूरला धाडलं. ते विष बनवायला!

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मला माल भरण्यातून काढून गेटवर बसवलं. ओव्हरटाइम गेला, हे खरं. तीन आठवड्यांनी 8,200. तांबड्या पेशींना मात्र तीन-चार महिने लागतात म्हणे. तिथं घाई चालत नाही.

एक प्रश्न डॉक्टरांनी जाता जाता विचारला होता: "युनिफॉर्म कोण धुतं?" बायको धुवायची, पोराच्या शाळेच्या शर्टासोबत एकाच बादलीत. तिचंही रक्त दिलं. 7,900. तिचा आधीचा कागद कुठून आणणार? कपडे वेगळे केले, महिन्याने परत तपासलं. 8,000. म्हणजे आधीही उतरलेला नव्हता. तेव्हा कुठे तिने पोराला जवळ घेतलं.

परवा शेजारच्या खोलीत जव्हारचा एक पोरगा आला, सोमवारपासून आमच्याच प्लांटला. रविवारी त्याला ओढतच लॅबमध्ये नेला.

"भाऊ, मला काय झालंय?"

"काही नाही झालेलं, म्हणूनच आज," म्हटलं, आणि त्याची बाही वर केली.